आठव्या महिन्यात ध्यानाला बसलं की जीव का घाबरतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिलंच बाळंतपण, ३१ वा आठवडा चालू. डोंबिवलीहून अंधेरीला नोकरी. डॉक्टर म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नका, मेडिटेशन करा," म्हणून मोबाईलवर ॲप घेतलंत आणि रोज सकाळी २० मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देऊन बसता. पण पाच मिनिटांतच छाती भरून येते, श्वास पुरत नाहीसा वाटतो, कधी रडूच फुटतं. मग दिवसभर मनाला लागून राहतं, की आपल्या या घालमेलीचे संस्कार पोटातल्या बाळावर होताहेत. सासूबाई संध्याकाळी गर्भसंस्काराचे श्लोक लावतात, त्यातही मन रमत नाही. आत्ता ही गत, तर बाळ झाल्यावर काय होणार?

मी मुंबईत बरीच वर्षं गरोदर बायकांचे आणि बाळंतिणींचे वर्ग घेते. हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण विचारणारीला वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकतंय. तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुम्हाला दिलेली पद्धत या महिन्याला साजेशी नाही, एवढंच.

आधी श्वासाचं बघू. गर्भाशय वर सरकतं तसा छाती आणि पोटाच्या मधला पडदा शेवटच्या महिन्यांत साधारण ४ सेंटीमीटर वर ढकलला जातो. शिवाय प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन मेंदूला सारखं सांगत असतं की जास्त हवा आत घे. त्यामुळे दर श्वासाला एरवीपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त हवा आत जाते आणि तरीही बाईला वाटतं की श्वास अपुरा पडतोय. बाळाला प्राणवायू मिळावा म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. दिवसभर कामाच्या नादात ती जाणवत नाही. डोळे मिटून तिच्याकडेच टक लावून बसलात की तीच धाप दहापट मोठी वाटायला लागते, घाबरायला होतं, घाबरल्यावर श्वास आणखी वर चढतो. तुमची पाच मिनिटं नेमकी अशी जातात. "श्वासाकडे बघा" ही सूचना ॲपने सगळ्यांना सरसकट दिलेली असते; आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईसाठी ती बहुतेक वेळा गैरसोयीचीच ठरते.

पण एक तपासून घ्या. शेवटचं हिमोग्लोबिन किती आलं होतं? गरोदरपणात ११ च्या खाली गेलं तर ते कमी धरतात, आणि आपल्याकडे ते कमी असणं फार आढळतं. धाप बसल्या जागीही लागत असेल, एकदम वाढली असेल, छातीत दुखत किंवा धडधडत असेल, तर ध्यान बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा.

आता बसायचं कसं. जमिनीवर मांडी घालायची गरज नाही. साध्या खुर्चीवर, पाठीला टेकू देऊन, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील अशा बेताने बसा. चादरीची घडी बुडाखाली घेतली की ते जमतं. चप्पल काढा, दोन्ही तळवे लादीवर टेकवा. डोळे मिटायचे नाहीत, समोर जमिनीकडे नजर सैल सोडा. आणि लक्ष पायांवर न्या. टाच कुठे टेकली आहे, चवडा कुठे, लादी गार लागते का, सुजेमुळे पाय जड वाटतो का, बोटांच्या मध्ये हवा लागते का. मन भटकेल, भटकू द्या. आठवलं की पुन्हा टाचेवर या. असं तीन मिनिटं केलंत तरी पुरे. पायांचा कंटाळा आला तर कानांवर या: पंख्याची घरघर, शेजारचा कुकर, समोरच्या रिडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग. मुंबईत शांतता मिळेल तेव्हा ध्यान करू म्हणणारीला मूल शाळेत जाईपर्यंत मुहूर्त मिळणार नाही. आवाज आला की त्यालाच धरायचं.

शवासन शिकला असाल तर आता पाठीवर झोपून करू नका. गर्भाशयाच्या वजनाने मागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, चक्कर येते, बाळाकडे जाणारा रक्तप्रवाहही कमी होऊ शकतो. कुशीवर, शक्यतो डाव्या, गुडघ्यांमध्ये उशी आणि पोटाखाली छोटी उशी घेऊन पडा. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं, हे सगळं बंद. भ्रामरी चालेल, चांगलीच चालेल, कारण गुणगुणताना श्वास आपोआप लांबत बाहेर जातो आणि त्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागत नाही.

तुमच्या प्रवासाबद्दल बोलायलाच हवं. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रोने अंधेरी, हे या दिवसांत रोज दोनदा. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना चढता येतं. फाईल किंवा कार्ड पर्समध्ये ठेवा आणि संकोच न करता त्या डब्यात जा. मेट्रोत बसायला मिळालं की जागृतीनगर ते असल्फा एवढ्या अंतरात पायांवर लक्ष ठेवून बघा. पुढचं स्टेशन आलं की सोडून द्या. माझ्या वर्गातल्या नोकरदार मुलींना सकाळच्या २० मिनिटांपेक्षा असे तुकडेच जास्त लाभले आहेत, कारण ते पाळायचं दडपण येत नाही.

पण तुमचा ताण खरोखर प्रवासाचाच असेल, तर त्यावर ध्यान हा उपाय नाही. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. बायका सगळी रजा बाळासाठी राखून ठेवतात आणि शेवटच्या महिन्यापर्यंत गर्दीत धक्के खातात. तुमच्या जागी मी असते तर आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम द्या असं आजच लेखी मागितलं असतं. नुसतं "मन शांत ठेवा" असं बाईला सांगायचं आणि तिच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहू द्यायचं, हा अन्याय आहे.

आता संस्कारांची भीती. गर्भाला साधारण २४-२५ व्या आठवड्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात. पण पोटातून गाळून जातात ते खालच्या पट्टीतले सूर, लय, चढउतार. सगळ्यात स्पष्ट पोचतो तो आईचा आवाज, कारण तो बाहेरून येतो तसाच तिच्या शरीरातूनही जातो. अमेरिकेत १९८० मध्ये नवजात बाळांवर एक प्रयोग झाला होता. चोखणीला जोडलेल्या यंत्रावर बाळ एका प्रकारे चोखायचं तेव्हा आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या प्रकारे चोखलं की परक्या बाईचा. जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं आईचा आवाज लागेल अशीच चोखत राहिली. म्हणजे तुम्ही बहिणीशी फोनवर हसता, भाजीवाल्याशी घासाघीस करता, तेही त्याला पोचतंय, आणि त्याच आवाजाला ते जन्मल्यावर ओळखणार आहे. श्लोकांत तुमचं मन रमत असेल तर जरूर ऐका. रमत नसेल तर बाळाचं काही बुडत नाही. पोटावर हेडफोन लावू नका, त्याचा काही उपयोग नाही.

रडू आलं, चिडचिड झाली, एक रात्र काळजीत गेली, याने बाळावर डाग पडत नाही. महिनोन्‌महिने टिकणारी, उपचार न झालेली तीव्र उदासी किंवा चिंता यांचा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आणि कमी वजनाशी संबंध दिसला आहे, म्हणून तिच्यावर उपचार करायचे असतात. पण बाईने आपल्या प्रत्येक विचारावर पहारा ठेवायचा, ही कल्पना मला मनापासून क्रूर वाटते. ध्यान तुमच्यासाठी आहे. बाळासाठी करायच्या कामांच्या यादीत ते आणखी एक काम म्हणून घालू नका.

सासूबाईंना श्लोक बंद करा म्हणू नका. त्यांना विचारा, "आई, ह्यांच्या वेळी तुम्ही काय म्हणायचात?" बहुतेक वेळा एखादी ओवी, एखादं स्तोत्र, अंगाई निघते. दोघींनी मिळून दहा मिनिटं म्हणा. तुमचा श्वास लांबेल, बाळाला तुमचा आवाज मिळेल, आणि बाळ झाल्यावर रात्री दोन वाजता हेच गाणं कामी येईल.

२८ आठवड्यांनंतर पायांइतकंच लक्ष टिकतं ते बाळाच्या हालचालींवर. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडा, तळहात पोटावर ठेवा आणि नुसतं जाणवून घ्या: लाथ, लोळण, उचकीची बारीक ठेक्यातली टकटक. हे ध्यानही होतं आणि तपासणीही. मात्र इथे मी फार कडक आहे. हालचाल नेहमीपेक्षा मंदावली असं वाटलं, तर शांत बसून बघू म्हणत वेळ काढू नका. कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच पावली हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी. हालचाल अजिबात जाणवत नसेल तर मोजतही बसू नका. रक्तस्राव, पाणी जाणं, सडकून डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा एकदम सुजणं, या कशावरही ध्यान करायचं नसतं.

कळांची तयारी ३४ व्या आठवड्यापासून करू शकता. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण आणि जुनाट दुखण्यांसाठी ध्यानाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९९८ मध्ये नॅन्सी बार्डेक या कॅलिफोर्नियातल्या सुईणीने तो बाळंतपणासाठी बेतला. त्यातला बर्फाचा सराव मी वर्गात आवर्जून घेते. फ्रीजमधला बर्फाचा खडा मुठीत धरायचा, एक मिनिट. आधी गार, मग चटका, मग हाड ठणकल्यासारखं होतं, आणि साधारण चाळीस सेकंदांना मन ओरडतं, "सोड!" तिथे मूठ आवळण्याऐवजी खांदे सोडायचे, जबडा सैल करायचा, तोंडाने "हाऽऽ" करत श्वास बाहेर टाकायचा आणि बघायचं की ठणका बोटांत आहे की तळव्यात, वाढतोय की उतरतोय. मिनिट झालं की बर्फ ठेवून द्यायचा, हात पुसायचा आणि पुढची दोन मिनिटं मोकळेपणाची. मग दुसऱ्या हाताने. जोराची कळ साधारण एवढीच टिकते, ४५ ते ६० सेकंद, आणि दोन कळांच्या मध्ये बराच वेळ वेदना नसते. बायका तो मधला वेळ पुढच्या कळेच्या धास्तीत घालवतात आणि थकून जातात. मधल्या वेळात पाय जमिनीवर आहेत एवढं जाणवून घेणं, हाच सगळा सराव.

हे एकटीने करता यायला हवं. मुंबईतल्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांच्या लेबर रूममध्ये नवऱ्याला आत घेत नाहीत; सोबत एखादी बाई राहू शकते का, हे आधीच विचारून ठेवा. आणि एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घ्यावंसं वाटलं तर घ्या. सिझेरियन झालं तर "मी शांत राहिले असते तर नॉर्मल झालं असतं" असं कुणाला बोलू देऊ नका, स्वतःलाही नाही. बाळ आडवं असणं, नाळ, ठोके, यांवर ध्यानाची सत्ता चालत नाही. अभ्यास काय सांगतात, तेही स्पष्ट सांगते. गरोदरपणातल्या चिंतेवर मन-शरीराच्या अशा उपायांचा २०११ मध्ये मोठा आढावा घेतला गेला, त्यात जेमतेम ८ चाचण्या होत्या आणि निष्कर्ष सावधच होता. ध्यानाने बऱ्याच जणींना बरं वाटतं, मीही रोज बघते. पण ते औषधाची जागा घेतं असा दावा कुणी केला तर तिथे फी भरू नका.

आता बाळ झाल्यानंतरचं. सव्वा महिना ॲप उघडूच नका. बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं, तुमचे टाके ओले, पाचवी-बारशाला घर भरलेलं. अशा वेळी झोप आणि ध्यान यांतलं एक निवडायचं असेल तर झोप, दर वेळी झोप. ध्यान पाजण्यातच बसवा. बाळ छातीला लागलं की खांदे कानाजवळ चढलेले असतात, ते खाली सोडा, पाठीमागे लोड घ्या, पाय टेकवा, आणि बाळाच्या गिळण्याच्या आवाजाकडे पहिले दहा-पंधरा घोट कान द्या. मग फोन बघायचा तर बघा. सिझेरियन असेल तर खोकताना, शिंकताना, मोठा श्वास घेताना टाक्यांवर उशी दाबून धरा.

मालीशवाली येत असेल तर तो वेळ सोन्यासारखा आहे. त्या अर्ध्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. तेल कोमट आहे, तिचा अंगठा पोटरीवरून वर सरकतोय, पाठीवर पाणी पडतंय, याहून वेगळं ध्यान लागत नाही. शेक घ्यायचा तर घ्या, पण बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी नको. मुंबईच्या घरात तो धूर कोंडतो आणि तुमच्या नि बाळाच्या फुप्फुसात जातो.

काही जणींना पान्हा फुटायच्या क्षणी एकदम पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, उगाच उदास, नकोसं वाटतं, आणि दोन-तीन मिनिटांत ते निघून जातं. हा हार्मोनचा झोका असतो, तुमच्या ममतेत काही कमी नसतं. तसं होत असेल तर पाजताना आत बघू नका. गाणं लावा, गार पाणी प्या, कुणाशी तरी बोला.

आणि एक गोष्ट बायका कुणालाच सांगत नाहीत. चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत बाळाला घेऊन उभी असताना डोक्यात येतं, "हातातून सुटलं तर? मीच टाकलं तर?" अंगावर काटा येतो आणि वाटतं, आपण राक्षसीण आहोत. बाळाला चुकून काही होईल असे विचार जवळजवळ प्रत्येक नव्या आईला येतात. आपणच काही करू असे नकोसे विचारही अर्ध्याअधिक जणींना येऊन जातात. ते विचार भयंकर वाटतात, यातच कळतं की तुम्हाला तसं करायचं नाही. डोळे मिटून बसलं की ते जोरात येतात, म्हणून अशा दिवसांत मिटल्या डोळ्यांचं ध्यान नको. डोळे उघडे, पाय जमिनीवर, आणि विश्वासाच्या एका माणसाला सांगून टाका. ते सारखे येत असतील, त्यापायी तुम्ही बाळाला जवळ घेणंच टाळत असाल, तर डॉक्टर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं नेहमीचं, दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढेही मन उठत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. भारतातल्या अभ्यासांच्या २०१७ मधल्या आढाव्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के, म्हणजे पाचात एकीहून जास्त निघालं होतं. डॉक्टर १० प्रश्नांची एक छोटी चाचणी घेतात, एडिंबरा येथे तयार झालेली. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत. केईएम, नायर, सायन इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाईन दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटतंय किंवा स्वतःला काही करून घेऊ असं मनात आलं, तर फोनवर न थांबता त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन हॉस्पिटलात जा. बाळंतीण दोन-दोन रात्री न झोपताही झपाटल्यासारखी वावरू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, हे बाळ माझं नव्हेच म्हणाली, तर घरच्यांनी तिला त्याच दिवशी हॉस्पिटलात न्यायचं. हजारात एक-दोघींना असं होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि उपचारांनी त्या बऱ्या होतात. दृष्ट काढत दिवस घालवू नका.

कुणी दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराचं सुचवलं तर सध्या नको म्हणा, आधी कधी केलं नसेल तर नक्कीच नको. याआधी गर्भ गेला असेल किंवा जुना आघात असेल तर गप्प बसण्याआधी समुपदेशकाशी बोला.

या आठवड्यात सकाळची २० मिनिटं बंद करा. दिवसात कधीही तीन मिनिटं पाय, रात्री कुशीवर पडून बाळाच्या हालचाली, आणि पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिनचा आकडा विचारा. नवऱ्याला हे वाचायला द्या. त्यांच्याकडून मला एकच वचन हवं आहे: पहाटेचं पाजून झालं की बाळाची ढेकर काढून त्याला दुसऱ्या खोलीत घेऊन जायचं आणि सलग दोन तास तुम्हाला उठवायचं नाही.